काशीला काय सोडायचं?

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं गाडी सुटल्यापासून सुरुवात करतात. मी तसं केलं तर अर्धी गंमत दौंडच्या अलीकडंच राहून जाईल. म्हणून आधी घरापासून सांगते. काशी काही पळून जात नाही.

कवठे येमाई

आमचे हे दौंडला रेल्वेत फिटर आहेत. आठवडाभर तिकडं राहतात, सुट्टीला घरी येतात. मी इथं गावातल्या शाळेत शिकवते आणि घरात माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि माझं ऐकून की काय, सगळी गल्लीही आत्याबाईच म्हणते. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसकट फिरायला पास मिळतो. यांनाही मिळायचा. दर वर्षी हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी जाऊ," आणि पास तसाच जायचा. ही गोष्ट आत्याबाईंना कळली ती पिठाच्या गिरणीत, तीही परक्याच्या तोंडून. खळ्यावरून घरी येताना वाटेत सांडलेली बाजरी वेचत येणारी ती बाई. घरी येऊन त्यांनी काय केलं असेल, याची कल्पना करा.

"आरं भगवान, पास फुकाट चाललाय आन् तू मला सांगत न्हाईस?"

"बरं, जाऊ की आई. जेजुरीला जाऊन येऊ."

"जेजुरीला बैलगाडी जाती. त्येला पास कशापायी घालवायचा?"

"मग तुळजापूर?"

"तितं यस्टी जाती."

यांनी वैतागून विचारलं, "मग काय काशीला जायचंय का?"

"व्हय. काशीलाच," आत्याबाई म्हणाल्या आणि सुपातली बाजरी पाखडायला लागल्या. आमची काशीयात्रा ठरली ती अशी. मे महिन्यात माझी शाळा बंद, शेतात काम नाही, म्हणून मे महिना ठरला. मे महिन्यात काशीला काय ऊन असतं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बातमी गल्लीत फुटली. कोणी गाडी विचारीना, मुक्काम विचारीना, किती दिवस ते विचारीना. जो तो एकच विचारी, "आत्याबाई, काशीला काय सोडणार?"

ज्यांना ही चाल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. काशीला गेलेल्या माणसानं गंगेत उभं राहून आपल्या आवडीचा एक पदार्थ सोडायचा असतो. एकदा सोडला की जन्मभर तोंडात घालायचा नाही. आमच्या गावानं या चालीला आपल्या परीनं वळण लावून घेतलं आहे. शेजारचे तात्या काशी करून आले, त्यांनी दुधी भोपळा सोडला. तात्यांना भोपळा खाताना त्याआधीही कोणी पाहिलं नव्हतं. वरच्या आळीतल्या एका आजोबांनी वांगं सोडलं. ते भरल्या वांग्याचा रस्सा वाटीभर ओरपतात आणि वांगं तेवढं ताटाच्या कडेला लावून ठेवतात. एका बाईनं चहा सोडला आणि कॉफी धरली.

तात्या आमच्या ओट्यावर बसून आत्याबाईंना समजावत होते, "वैनी, सोडायचं त्ये अडगळीतलं सोडावं. गंगामाईला काय म्हाईत आपल्याला काय आवडतंय?"

"तिला नसंल म्हाईत. मला हाय न्हवं," आत्याबाई म्हणाल्या.

आता माझा स्वार्थ सांगते. आत्याबाईंना मासवडी आवडते, हुलग्याचे शेंगोळे आवडतात, शेंगदाण्याची चटणी आवडते. पण या सगळ्यांहून जास्त त्यांना जेवणाला नावं ठेवायला आवडतं. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून माझ्या हातचा एक घास त्यांनी मुकाट्यानं गिळलेला नाही. रस्सा पातळ झाला की, "ह्यो रस्सा न्हाई, घोडनदीचा पूर हाय." भाकरी जाड झाली की, "भाकर हाय का वहाण?" आणि भाकरी फुगून पापुद्रा सुटला नाही तर, "शाळंत पापुद्र्याचा धडा न्हवता व्हय?" वर्गात चाळीस पोरं माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत, आणि घरी येऊन चुलीपुढं बसले की मीच परीक्षेला बसल्यासारखी. त्यात निकाल ठरलेला.

म्हणून मी मनाशी घाट घातला. काशीला आत्याबाईंनी भोपळा नको, मासवडी नको, ही खोड सोडावी. हे मी यांना सांगून पाहिलं. हे म्हणाले, "तूच सांग," आणि त्या आठवड्याला दौंडला जरा लवकरच गेले. शेवटी एका दुपारी शेंगा फोडता फोडता मीच विषय काढला.

"आत्याबाई, काशीला म्हणे पदार्थच सोडला पाहिजे असं काही नाही. जाणती माणसं एखादी सवयसुद्धा सोडतात."

त्यांनी शेंग फोडली, दाणे बघितले, किडका दाणा बाजूला टाकला. "आसं? मंग तू काय सोडनार?"

पुढचे कितीतरी दिवस हा विषय मी काढला नाही.

तयारी मात्र जोरात चालली. हेडमास्तरांचा होल्डॉल मागून आणला. ट्रंक घासून त्यावर यांनी पांढऱ्या रंगानं नाव घातलं. गंगा आणायला तांब्याचा गडू कल्हईवाल्याकडून चकचकीत करून घेतला. आत्याबाईंनी ज्वारीचं पीठ, तवा आणि वातीचा स्टोव्ह बाहेर काढून ठेवला. "तिकडं भाकर मिळती का कुनाला ठावं," असं त्यांचं म्हणणं. "आई, काशी हाय ती, रान न्हाई," असं सांगून यांनी तवा आणि स्टोव्ह परत ठेवला. पीठ कुठंतरी राहिलंच, ते काशीत होल्डॉलच्या खिशातून सांडलं तेव्हा कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाई घरोघर निरोप घ्यायला गेल्या. प्रत्येक घरानं एकच मागितलं: आमच्या नावानं एक बुडी मारा. समोरच्या घरातल्या पारूची बुडी, तात्यांची दुसरी बुडी, कोणाच्या आजारी दिराची, कोणाच्या लग्न न ठरणाऱ्या लेकीची. आत्याबाई सगळ्यांना हो म्हणून आल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, लिहून घेऊ का?" तर म्हणाल्या, "गल्लीतली मान्सं काय लिवून ठिवायची असत्यात व्हय?"

घोडनदी

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. सकाळच्या गाडीनं तिथं आलो, स्टँडवर दौंडवरून पुढं जाणारी एसटी धरली. ट्रंक, होल्डॉल आणि शिदोरीची पाटी टपावर चढवली. पाटीत दशम्या होत्या, चटणी होती, तिळाच्या पोळ्या होत्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. काशीपर्यंत पुरून उरेल असा ऐवज. आत्याबाई सबंध वाट मान वाकडी करून खिडकीतून वर बघत होत्या. न्हावरं गाव मागं पडलं, वाऱ्यानं धूळ आत आली, ऊस दिसायला लागला, तरी त्यांचं लक्ष टपावर.

आणि एवढं करूनही दौंडला व्हायचं तेच झालं. हे टपावर चढले, मोठ्या ऐटीत ट्रंक उतरवली, होल्डॉल उतरवला, ओळखीचा कोणीतरी भेटला त्याला हात केला आणि खाली आले. गाडी पुढं निघून गेली. गाडी वळणापलीकडं गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "भगवान, पाटी?"

यांनी ट्रंकेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, आता काय ट्रंक खायाची व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

दौंड

आमच्या गाडीला अजून बराच अवकाश होता. हे म्हणाले, "सखारामकडं जाऊ." सखारामभाऊ यांच्याबरोबर शेडमध्ये काम करतात, यांच्या जीवाभावाचे. त्यांच्या घरी मी दोन-चारदा जाऊन आलेली, आत्याबाई कधीच नाही. सखारामभाऊंचं घर बौद्धांचं. आमच्या गावातल्या आत्याबाईंच्या वयाच्या बायका तशा घरी पाणीही घेत नसत, हे लपवण्यात अर्थ नाही. मी वाटेत यांना खुणेनं विचारलं, यांनी खांदे उडवले.

सखारामभाऊंच्या बायकोचं नाव वच्छलाबाई. त्यांनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांना ताज्या फुलांचा हार. आत्याबाईंनी तसबिरीकडं नीट पाहून घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या. पाटीची हकीगत ऐकून वच्छलाबाई पोट धरून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मावशी, नुसता च्या ठिवू का?" म्हणजे नको असेल तर चहावर भागवायची वाट त्यांनी ठेवली होती. बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या, आत्याबाईंकडं नाही.

आत्याबाईंनी ऐसपैस मांडी घातली.

"नुसत्या च्यावर कुठं काशी गाठती व्हय, पोरी," त्या म्हणाल्या. "भाकरी टाक."

वांग्याचं कालवण, गरम बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. आत्याबाई जेवल्या, पोटभर जेवल्या, दुसरी भाकरी मागून घेतली. मी सुटकेचा श्वास टाकते आहे तोवर बोट चाटून त्या म्हणाल्या, "वांग्यात कूट कमी पडलं. आन् भाकर कडंला जाड ऱ्हाती तुझी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यांनी ताटात मान घातली. वच्छलाबाई मात्र आनंदानं म्हणाल्या, "व्हय मावशी, आमच्या ह्यांची आई बी हेच म्हनायची."

मग चहाच्या वेळी आत्याबाईंनी आपली अडचण त्यांच्यापुढं मांडली. काशीला काय सोडायचं ते ठरत नाही. "तुमच्यात काय सोडत्यात?" त्यांनी विचारलं.

"आमी तर देवच सोडले, मावशी," वच्छलाबाई हसत म्हणाल्या. "आता वर भोपळा सोडून काय व्हनार?"

सखारामभाऊ ठसका लागेपर्यंत हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाल्या, "लईच मोठं सोडलं म्हनायचं तुमी. आमी आपलं भोपळ्यापाशीच आडलोय."

भांडी विसळताना मी वच्छलाबाईंची माफी मागायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आवो बाई, आमच्याकडं तुमच्यातलं कुनी आलं तर घोटभर च्या घेतंय, 'छान झालाय' म्हनतंय आन् उठतंय. या जेवल्या, म्हनून बोलल्या." निघताना त्यांनी आमच्यासाठी भाकऱ्यांची एक चवड आणि ठेचा बांधून दिला. या वेळी कडेला जाड नाहीत, हे मी गाडीत पाहिलं.

गाडीत

दौंडहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून पुढं. या प्रवासाचं मी फार सांगत नाही, कारण गाडीतला उकाडा सगळीकडचा सारखाच. एकच सांगते. जबलपूर मागं पडलं आणि मातीच्या बोळक्यात चहा यायला लागला. लोक चहा पितात आणि बोळकं खिडकीबाहेर फेकतात. आत्याबाईंनी पहिलं बोळकं फेकलेलं पाहिलं आणि त्यांच्या जीवाला घोर लागला. "आवो, आमच्यात संक्रांतीला सुगडं इकत घ्यावी लागत्यात, आन् ही मान्सं ताजी बोळकी फेकत्यात!" मग आमची बोळकी त्यांनी पदरानं पुसून ठेवली, मग समोरच्या बाकावरच्या माणसाचं मागून घेतलं. मुघलसराय येईपर्यंत आमच्या होल्डॉलमध्ये कुंभाराचं दुकान झालं होतं. तिथून काशीकडं येताना गंगेवरचा पूल लागला. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाईंनीही जोडले, आणि पाणी किती रुंद आहे ते पाहून म्हणाल्या, "येवढं पानी आन् दुस्काळात आमाला घागरभर मिळंना." दोन-तीन वर्षांपूर्वीचा तो दुष्काळ आमच्यापैकी कोणीच विसरलेलं नाही.

काशी

काशी गल्ल्यांची. आमच्या गावात गल्लीत बैलगाडी वळते, इथं गल्लीत बैल शिरला तर माणसानं कोणाच्या तरी दारात चढून उभं राहायचं. बैलही मोठे सावकाश, पत्ता शोधत चालल्यासारखे. सकाळी उठल्या उठल्या लोक कचोरी आणि जिलबी खातात. सकाळी जिलबी! आमच्याकडं जिलबी लग्नात, तीही पंक्तीत वाढप्याची नजर चुकवून दुसरी मिळाली तर. आत्याबाईंनी पानाच्या द्रोणातली कचोरी खाल्ली आणि दुकानदाराला मराठीत सांगितलं की हिंग जास्त झालाय. त्यानं "जी माताजी" म्हणून आणखी एक वाढली. धर्मशाळेतल्या वरणात गूळ नाही की चिंच नाही, भाताबरोबर पोळी खायची, भाकरी तर नावालाही नाही. प्रत्येक घासाला आत्याबाईंचं काहीतरी होतंच, आणि मी मनात म्हणत होते, बोलून घ्या, आत्याबाई, गंगा जवळ आली आहे.

विश्वनाथाच्या देवळात इतकी गर्दी की मला पिंड दिसली की नुसता बेलाचा ढीग दिसला ते सांगता येत नाही. मागचा माणूस पुढं ढकलतो, पुढचा पुजारी बाहेर ढकलतो. आमच्या गावच्या येमाईपुढं दिवसभर पाय पसरून बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नाही. आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पदराचं टोक फाटलं होतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "दिसला," त्या म्हणाल्या. यांना दिसला नव्हता, पण यांनीही दिसला म्हणूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगेवर गेलो. घाटाच्या पायऱ्या उतरून आत्याबाई कमरेभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि बुड्या सुरू झाल्या. मी शेजारी हात धरून, हे वरच्या पायरीवर कपडे सांभाळत.

"ही पारूची," म्हणून बुडी. वर येऊन, नाकातलं पाणी काढत, "गुनाची हाय, पन ताक लई पातळ देती." दुसरी बुडी. "ही तात्याची. आवो, भोपळा सोडून कुठं मोकळं व्हता येतंय व्हय?" तिसरी, चौथी. गल्लीतलं एकही घर चुकलं नाही आणि एकाही घराला नाव ठेवायचं राहिलं नाही. कोणाची चटणी खारट, कोणाच्या पुरणात गूळ कमी. शेजारी आंघोळ करणारी एक बंगाली बाई हात जोडून ऐकत होती. तिला वाटलं, म्हातारी मंत्र म्हणते आहे.

मग त्या थांबल्या. दम लागला होता. मला वाटलं झालं. पण त्या म्हणाल्या, "आन् ही ह्यांची." माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यासाठी आत्याबाईंनी बुडी मारली ती जरा जास्तच वेळ. मी हात घट्ट धरला. वर आल्या, डोळे पुसले, आणि या वेळी काहीच बोलल्या नाहीत.

घाटावरचे गुरुजी मूळचे आपल्याकडचे, पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेले. मराठी बोलतात पण हेल हिंदी. "बोला, क्या छोडना है? काय सोडणार?" त्यांनी यांना विचारलं. हे म्हणाले, "दुधी भोपळा."

"तुमचा सगळा मुलूख भोपळाच सोडतो, महाराज," गुरुजी निर्विकारपणे म्हणाले आणि पाणी सोडायला लावलं.

माझी पाळी आली. मी प्रवासभर काहीतरी मोठं योजत होते, पण त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोडका." दोडका मला लहानपणापासून आवडत नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मग त्या पुढं झाल्या. ओंजळीत पाणी घेतलं. "जेवनाला नाव ठिवायचं सोडलं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "कुनाच्याबी हातचं जेवन आसू दे."

गुरुजींना काही उमगेना. "माताजी, फळ सांगा, भाजी सांगा."

"सांगती न्हवं. ह्ये मला कुठल्याबी भाजीपरास ग्वाड लागतंय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी सोडलं.

मी माझ्या मनात लाडू फुटले असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर मी पायरीवर बसून हसतच सुटले. मागितलेलं असं सरळ पदरात पडतं हे मला ठाऊक नव्हतं. काशीचं पुण्य खरं ते मलाच मिळालं, असं मी यांना म्हटलं. त्या दुपारी जेवताना वरण पातळ होतं, भात करपला होता. आत्याबाईंनी घास घेतला, तोंड उघडलं, मिटलं, पाणी प्यायल्या. मी गंगेकडं बघत भात खाल्ला. इतका चवदार करपलेला भात मी कधी खाल्ला नव्हता.

परतीच्या वाटेवर गार झालेल्या पुऱ्या, आंबलेली बटाट्याची भाजी, सगळं त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. दौंडला वच्छलाबाई चहा घेऊन फलाटावर आल्या होत्या. "कसा झालाय, मावशी?" त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "झालाय." वच्छलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तब्बेत बरी हाय न्हवं त्यांची?"

पुन्हा कवठे येमाई

घरी आल्यावर गंगेच्या गडूची पूजा आणि गल्लीला जेवण, म्हणजे मावंदं. मी मासवडीचा घाट घातला. बेसनाचं आवरण थापलं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलं, वड्या पाडल्या, रस्सा उकळला. इतकी वर्षं या एका पदार्थासाठी आत्याबाईंनी माझे वाभाडे काढले होते. त्या दिवशी मी जीव ओतला. पंगत बसली. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांच्या नजरा आत्याबाईंकडं वळल्या.

त्या जेवत होत्या.

"वैनी, रस्सा कसा काय झालाय?" तात्यांनी विचारलं.

"झालाय."

पंगतीत कुजबुज सुरू झाली. पारू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शालनबाई, कायतरी बिघडलंय का वो मासवडीत?" आता कोणाला काय सांगू? मासवडी कशी झाली ते मलाही कळेना. लोक जेवले, चांगली झाली म्हणाले, पण ते तर नेहमीच म्हणतात. खरं काय ते सांगणारं माणूस एकच होतं, आणि त्यानं गंगेवर पाणी सोडलं होतं.

दिवसामागून दिवस तसेच जायला लागले. मी ताट वाढायचे, त्या खायच्या, हात धुऊन उठायच्या. घरात भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येई. मला हे आधी कुठंतरी झालंय असं वाटत राहिलं, आणि एक दिवस पीठ मळताना आठवलं. दुष्काळात. तेव्हा रेशनवर तो मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापता यायची नाही, तव्यावर फाटायची, घशात टोचायची. त्या भाकरीला आत्याबाईंनी एका शब्दानं नाव ठेवलं नाही. आम्ही सगळे खाली मान घालून तशी खायचो आणि उठायचो. मग पाऊस झाला, आपल्या शेतातली पहिली बाजरी घरात आली. मी भाकरी केली. आत्याबाईंनी एक तुकडा मोडला, उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "पापुद्रा न्हाई सुटला." हे हसायला लागले, मी हसायला लागले, हसता हसता रडलेही. तेव्हा आम्हाला कळलं होतं की वाईट दिवस गेले.

आणि मी काय मागून घेतलं होतं काशीला जाऊन! माझा मलाच राग आला. मला माझी सासू परत पाहिजे होती, तोंडासकट.

पण सोडलेलं परत धरता येत नाही, आणि आत्याबाई भोपळ्यातल्या नव्हेत. मी त्यांना नुसतं म्हटलं असतं, "बोला," तर त्या बोलल्या नसत्या. रविवारी हे घरी होते. मी तुरीची आमटी केली, फोडणी दिली, आमसूल घातलं, गूळ घातला, आणि मीठ घातलं नाही. मुद्दाम, चिमूटभरही नाही.

तिघं जेवायला बसलो. यांनी पहिला घास घेतला, चेहरा वाकडा केला, आणि माझी नजर पाहून गप्प बसले. आत्याबाईंनी भाकरी आमटीत बुडवली, तोंडात घातली. त्यांचा जबडा थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी घास गिळला आणि दुसरा मोडला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, मीठ नाही आमटीत," मी म्हटलं.

"कळलं मला."

"मग बोला की!"

"गंगंवर पानी सोडलंय म्या." तिसरा घास. तोही त्यांनी गिळला, पण या वेळी तो जरा अडकला असावा. त्या थांबल्या. ताटाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. पलीकडं भोपळा सोडणाऱ्या तात्यांचं घर. काहीतरी विचार करत होत्या. मग त्यांनी भाकरी ताटात ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळल्या.

"म्या जेवनाला नाव ठिवायचं सोडलंय," त्या म्हणाल्या. "जेवन करनारीला न्हाई. आगं, बिनमिठाची आमटी करती आन् गावाची पोरं शिकवती? कुनी मास्तरीन केली तुला? येवढं ऊन डोक्यावर घिऊन काशीला नेली, तितं सोडलं काय तर दोडका! डोळं काय पुसती, ऊठ, मीठ आन!"

मी उठले. काशीहून आणलेल्या एका बोळक्यात त्यांनीच मीठ भरून ठेवलं होतं, ते आणून त्यांच्यापुढं ठेवलं. त्या वाढून घेत होत्या आणि बोलत होत्या: माझी फोडणी करणारे हात, माझं लक्ष, माझ्या आईनं मला काय शिकवलं ते. हे खाली मान घालून हसत दुसरी भाकरी कुस्करत होते. त्यांनी तिसरी मागितली, आत्याबाईंनी मागितली, मग मीही घेतली. काशीहून आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडं भाकरी कमी पडली.